मुनीरभाईंचा बुधवार

दुसरबीडच्या मुनीर टेलरांनी आयुष्यात एकही कपडा वेळेवर दिला नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहायचं आहे, आणि ज्यांचे लग्नाचे सूट लग्नानंतर हातात पडले अशी चार-पाच माणसं हे वाचण्याची शक्यता आहे. त्यांनी मनस्ताप करून घेऊ नये. "बुधवारी या" हे मुनीरभाईंचं ठरलेलं उत्तर. कोणत्याही वारी विचारलं तरी बुधवार. बुधवारीच जाऊन उभं राहिलं तर "आज नाही, बुधवारी." हे म्हणताना चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. तोंडात कायम दोन टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे चेहरा हलवणं तसं धोक्याचंच होतं.

मी तिथे गुरांच्या दवाखान्यात सहा वर्षं होतो. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, गावाच्या तोंडी डॉक्टर. मूळचा चिखलीचा, म्हणजे फार लांबचा नव्हे. माझ्या धंद्याने मला एक खोड लावली आहे. आमचा पेशंट बोलत नाही, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघावं लागतं. आणि जे बोलू शकतात त्यांचं ऐकून घ्यायला मला फारसा धीर राहिलेला नाही. मुनीरभाईंशी माझं जमलं ते यामुळेच असावं. तेही माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत.

त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो एका गाईच्या कृपेने. तिने शिंगाने माझ्या पॅंटची मागची शिवण बुडापासून गुडघ्यापर्यंत उकलली होती. मी दुसरी पॅंट घालून, ही काखेत मारून गेलो. बस स्टँडच्या बाजूला अरुंद, लांबट दुकान. पुढे मशीन, कापायचं टेबल, दोरीवर लटकलेले अर्धवट कपडे. मागे पडदा. पडद्यामागे पाच कॉम्प्युटर. त्यांच्या मुलाने, इरफानने, तिथे कधीकाळी फॉर्म भरून द्यायचं दुकान काढलं होतं. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, फॉर्म लोक चावडीवर बसून भरायला लागले, आणि इरफान नोकरीला पुण्याला गेला. शिलाईचा धंदा तर रेडीमेडने आधीच खाल्ला होता. असं एक खाल्लेलं दुकान पुढे, एक मागे, आणि मध्ये पडदा. त्या दोन्हींचे मालक गळ्यात टेप टाकून दिवसभर बसलेले असत. टेप ते लग्नातही काढत नसत.

कॉम्प्युटर पडून राहिले म्हणून मुनीरभाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्यांचं माप घेऊन त्यांना खोळी शिवल्या. निळ्या कापडाच्या, कडेला पांढरी पट्टी. या पाच खोळी मात्र वेळेवर झाल्या, असं त्यांच्या बायको जुबेदाभाभी सांगत. पुढे एकदा इरफान सुटीवर आला आणि एक गेम चालू ठेवून आंघोळीला गेला. मुनीरभाई खोळ घालायला गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक माणूस समुद्राच्या काठाला उघडाबोडका उभा. हातात काही नाही, जवळ कोणी नाही. त्यांनी त्याला पाहिलं आणि खोळ बाजूला ठेवली.

"मले वाटलं, याच्या अंगावर पहिले काहीतरी घातलं पाहिजे," हा किस्सा ते मला सांगायचे. "मंग पाह्यलं, तर गवत तोडता येते. गवताची दोरी होते. दोरीचा सदरा होते. त्यानं गवताचा सदरा शिवला डाक्टर, माझ्या डोळ्यासमोर. बाही आखूड झाली होती, पण शिवला."

इरफान आंघोळ करून आला तेव्हा वडील खुर्चीत बसलेले होते. ते मग तिथून फारसे उठले नाहीत.

या जातीच्या गेमना इंग्रजीत काय म्हणतात ते इरफानने त्यांना सांगितलं होतं, पण ते नाव त्यांना आवडलं नाही. ते "रिकाम्या हाताचे गेम" म्हणत. माणूस रिकाम्या हाताने कुठेतरी पडतो. बेटावर, बर्फात, वाळवंटात. मग लाकूड गोळा करा, दगड गोळा करा, कुऱ्हाड करा, झोपडी बांधा, भूक सांभाळा, थंडी सांभाळा आणि जिवंत राहा. मला विचाराल तर सगळे सारखेच. मुनीरभाईंना हे म्हटलं की ते टेबलावरचे दोन पांढरे तुकडे उचलून माझ्या हातात देत आणि सुती कोणता ते विचारत. मी चुकलो की तुकडे परत घेत.

असे शेकडो गेम आहेत म्हणे. मुनीरभाई प्रत्येक गेम आधी स्वतः पंधरा दिवस खेळत. त्याला ते ट्रायल म्हणत. ट्रायल झाल्याशिवाय तो कोणाच्या अंगावर घालायचा नाही. आणि माप घेतल्याशिवाय तर नाहीच. बाकीच्या जगात माणूस विचारतो की चांगला गेम कोणता, आणि दुसरा माणूस सांगतो. मुनीरभाईंच्या दुकानात असं विचारणाऱ्याला ते वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "चांगला सदरा कोणता? कोणाच्या अंगावर?"

मापाची वही कपड्यांचीच. लांबुळकी, जाड पुठ्ठ्याची. डावीकडे नाव, उंची, छाती, कंबर, बाही. त्यापुढे त्यांनी पट्टीने रेघा मारून नवीन रकाने काढले होते. बांधणं, साठवणं, भटकणं, लढणं, संगत. प्रत्येकात इंचात आकडा. इंच का, तर त्यांना दुसऱ्या कशात मोजता येत नसे. शेवटचा रकाना भुकेचा, त्यात फक्त 'चालू' किंवा 'बंद'. या गेमांत भूक बंद ठेवायची सोय असते. ज्याने खरी भूक पाहिली आहे त्याला ती पडद्यावर पुन्हा दाखवायची नाही, असा त्यांचा नियम होता. हा नियम ऐकला तेव्हा मला हा माणूस आवडला. पॅंट मिळायला अजून पाच महिने होते, तरीही.

माझं माप त्यांनी पॅंटच्या निमित्तानेच घेतलं. कंबर मोजता मोजता, टाचण्या न काढता विचारलं, "डाक्टर, जत्रेत गेले तं पहिले कुठी जाता?"

"जिथे गर्दी नाही तिथे."

"घरात छत्रीचा मोडका दांडा असला तं फेकता का ठेवता?"

"ठेवतो."

"काऊन?"

"लागेल कधीतरी."

"लागला का कधी?"

"नाही."

"बस लेट झाली तं?"

"चिडतो."

"उपाशी राह्यले तं?"

"जास्त चिडतो."

त्यांनी वहीत बरंच काही लिहिलं. मला वाटलं, आता गाई-म्हशी पाळायचा एखादा गेम देतील, तसेही असतात. त्यांनी मला वाळवंट दिलं. त्यात जनावर म्हणून नाही. दगड, वारा, एक विहीर, आणि सापडतील ते मोडके लोखंडाचे तुकडे. मी विचारलं, असं का? "दिवसभर जनावरं, संध्याकाळी पुन्हा जनावरं काऊन?" ते म्हणाले, "तुमच्या खांद्यात बसत नाही." मी त्या वाळवंटात छत्रीच्या दांड्यासारख्या दीडशे वस्तू जमवल्या. त्यातली एकही कधी लागली नाही. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

अंगणवाडीच्या सुशीलाताईंचा किस्सा याच्या उलटा. त्या ब्लाउजच्या मापाला आल्या आणि गेम घेऊन गेल्या. बाई हुशार, नीटनेटकी, दिवसभर वजनं आणि पोषण आहाराची रजिस्टरं भरणारी. कोणीही म्हणालं असतं, हिला साठवणुकीचा गेम द्या. पेटारे भरेल, चिठ्ठ्या लावेल, खूश होईल. मुनीरभाईंनी त्यांना असा गेम दिला ज्यात दोन हातांत मावेल तेवढंच नेता येतं. बाकीचं तिथेच टाकायचं आणि पुढे चालायचं. सुशीलाताईंना पहिल्या दिवशी टाकवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कुऱ्हाड टाकली. पंधरा दिवसांनी मी पडद्याआडून ऐकलं, त्या एकट्याच म्हणत होत्या, "राहू दे तिथंच, कोण विचारते!" मुनीरभाई मशीनवर बसून काज करत होते. मान वर न करता मला म्हणाले, "बसला."

"बसला" म्हणजे मापात बसला. यापेक्षा मोठी पसंती त्यांच्याकडे नव्हती. कोणताही गेम त्यांनी वाईट म्हटल्याचं मला आठवत नाही. काखेत ओढतो, खांद्यात उतरतो, अंगापेक्षा मोठा आहे, एवढंच. आणि नाही बसला तर पुन्हा उसवून पहिल्यापासून. त्यांची स्वतःवर तशी घमेंडच होती, की दुसऱ्या ट्रायलच्या पुढे कोणाला जावं लागत नाही. ती घमेंड उतरवली नामदेव आबांनी.

आबा मूळचे कवठाळीचे. हे गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पाणी आलं तेव्हा गावाचे दोन भाग झाले. निम्मे लोक आमच्या रस्त्याला नवीन प्लॉटवर आले, निम्मे धरणाच्या पलीकडच्या अंगाला गेले. त्यालाही आता वर्षं झाली. आबा इकडच्या प्लॉटवर सुनेजवळ राहत होते. मुलगा सुरतेला. बायको आदल्या वर्षी गेली होती. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला सून वंदना त्यांना घेऊन दुकानात आली. मी तिथे पॅंटची चौकशी करायला बसलो होतो.

आबांनी पिशवीतून पांढरं कापड काढून टेबलावर ठेवलं. "सदरा शिव मुनीर. शेवटचा हाये, नीट शिव."

"शेवटचा म्हणजे?"

"म्हणजे घालून जायचा. तुया सदरा झाला का मी मोकळा."

हे त्यांनी अगदी कोरडेपणाने सांगितलं, एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं. वंदना पदर तोंडाला लावून पायरीवर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेलो, तर म्हणाली, "डाक्टरसाहेब, महिना झाला, भाकरीचा चतकोर खातात. बोलत नाहीत. मी स्वैपाक केला का केला म्हणत नाहीत, नाही केला तरी काही म्हणत नाहीत. कापड स्वतः जाऊन आणलं."

आत मुनीरभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावरच्या छोट्या गादीला टोचल्या. त्या काढलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. त्यांनी आबांचं माप घेतलं. एरवी दोन मिनिटांत होणारं काम त्यांनी वीस मिनिटं केलं. खांदा दोनदा, बाही तीनदा. मधेच जत्रेचा प्रश्न विचारला.

"जातच नाही," आबा म्हणाले.

"छत्रीचा दांडा?"

"छत्रीच नाही."

"उपाशी राह्यलं तं?"

"दुष्काळात खडी फोडली आम्ही. तुले काय सांगू उपाशी."

मुनीरभाईंनी भुकेच्या रकान्यात 'बंद' लिहिलं आणि वही मिटली. "बुधवारी या."

बुधवारी सदरा झालेला नव्हता. "बसा आबा, आत बसा तोवर, काम चालू हाये," असं म्हणून त्यांनी आबांना पडद्यामागे नेलं. ज्या बटणांनी पुढे-मागे जायचं त्यांच्यावर टेलरच्या खडूने बाण काढले होते. त्यांनी आबांना बांधण्याचा गेम दिला. मोकळं माळरान, माती, दगड, लाकूड, पाणी. ज्याचं गाव बुडालं त्याला गाव बांधू द्यावं, यात चुकीचं काय? मलाही ते पटलं होतं. कोणालाही पटलं असतं.

आबा पहिल्या बुधवारी नुसते बसून राहिले. दुसऱ्या बुधवारी एका बोटाने एक दगड ठेवला. त्यानंतर तीन महिने, दर बुधवारी, आबा सदरा न्यायला येत आणि कवठाळी बांधत. मारुतीचं देऊळ झालं, त्याच्या पायरीतला तिरका दगडसुद्धा. पाटलाची विहीर झाली. शाळेच्या मागचा लिंब झाला. शेवटी स्वतःचं घर आणि घरामागचं शेत. मुनीरभाई मला बोलावून बोलावून दाखवत. सदऱ्याला कच्चे टाके घालून तो त्यांनी दोरीवर लटकवला होता. आबांनी विचारलं की एक बाही उसवून पुन्हा लावत.

मग एका बुधवारी आबा खुर्चीतून उठले, धोतर नीट केलं आणि पुढे येऊन म्हणाले, "झालं. आता सदरा दे."

"काज-बटण बाकी हाये आबा."

"बिनबटणाचा दे. तथी कोणाले दाखवायचा हाये?"

त्या दिवशी दुपारी मुनीरभाई गुरांच्या दवाखान्यात आले. सहा वर्षांत एवढं एकदाच. एका बैलाला मी सुई टोचत होतो. ते तसेच उभे राहिले, गळ्यात टेप. तोंडात टाचण्या नव्हत्या.

"माप चुकलं डाक्टर. लय चुकलं. मी त्याले बांधायले लावलं आन् त्यानं पुरं केलं. पुरं झालं म्हणून निघून राह्यला. म्या माह्या हातानं त्याची तयारी करून देल्ली."

मी विचारलं, शेवटी शेवटी आबांनी नेमकं काय केलं? आमच्यात तसंच विचारतात, जनावर आजारी पडून खाली बसायच्या आधी काय करत होतं.

मुनीरभाईंनी आठवून सांगितलं. आबा शेतावर गेले. धुऱ्यावरचे, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरचे, चार दगड उचलले आणि एक एक हात पलीकडे सरकवून ठेवले. मग तिथेच उभे राहिले. अर्धा तास. काही न करता.

"कोणाची तरी वाट पाह्यत होते," मी म्हणालो.

"तथी कोणी येत नाही डाक्टर. तो एकट्याचा गेम हाये."

"पलीकडचं शेत कोणाचं होतं?"

बैलाचा मालक मधेच बोलला. त्याला विचारलं नव्हतं, पण गावात विचारावं लागत नाही. "तिरंबकचं! कवठाळीत राह्यले तवापासून भांडले ना दोघं त्या धुऱ्यापायी. मोजणी झाली, कज्जा झाला. पाणी आलं तवा बंद झालं. तिरंबक आता तिकडच्या प्लॉटवर हाये."

मुनीरभाई दवाखान्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग उठून स्टँडकडे चालू लागले.

आबांना पुन्हा बुधवार सांगून मुनीरभाईंनी त्यानंतर दोन आठवडे दुकान जवळपास बंदच ठेवलं. एक म्हणजे त्यांना त्र्यंबकमामांना शोधून तयार करायचं होतं. ते सोपं गेलं. नामदेवने धुऱ्याचे दगड एक हात तुमच्याकडे सरकवलेत, एवढंच त्यांनी सांगितलं. गाव पाण्याखाली आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण मामांनी कुठे, हे विचारलं नाही. कधी, असं विचारलं आणि चपला घातल्या.

दुसरं काम अवघड होतं, ते म्हणजे गेम. दोन माणसांनी एकाच जगात राहण्याचे रिकाम्या हाताचे गेम पुष्कळ आहेत. पंधरा-पंधरा दिवसांच्या ट्रायलला या वेळी सवड नव्हती; पहिला त्यांनी एका दिवसात पाहून बाजूला ठेवला. "यात एकमेकाले भाला मारता येते. या दोघायले नाही देता येत." दुसऱ्यात सगळं साझ्याचं, दोघांचं मिळून. लाकूड साझ्याचं, जमीन साझ्याची. "मंग हे भांडतीन कशावर?" तिसरा त्यांनी तीन दिवस नुसता खेळून पाहिला. त्यात मारामारी बंद ठेवता येत होती, जमीन आपापली करता येत होती, आणि दगडाचं कुंपण दुसऱ्याच्या नकळत सरकवता येत होतं. एकच गोष्ट त्यांना खटकली. त्या गेमात खेळणारा खुर्चीवरून उठून गेला तरी त्याचा माणूस तिथेच, जमिनीवर आडवा होऊन झोपून राहतो. मालक परत येईपर्यंत. "असं उघड्यावर पडून राहणं बरं दिसत नाही," ते म्हणाले. पण घेतला. भूक बंद ठेवली, आणि दोन शेतं आणि मधला धुरा आधीच आखून ठेवला.

बुधवारी मामा बसने आले. आबा आत बसलेले होते. दोघांनी एकमेकांना रामराम केला नाही. पाठीला पाठ लावून दोन कॉम्प्युटरवर बसले. मुनीरभाई पडद्याच्या अलीकडे मशीनवर, मी स्टुलावर, वंदना पायरीवर. दहा मिनिटं आतून नुसता बटणांचा आवाज. मग आबांचा आवाज आला. इतका मोठा की समोरच्या पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"काऊन बे तिरंबक! हा दगड कोणी सरकवला?"

"कोणी म्हणजे? जथी होता तथीच हाये!"

"तथी होता? तुया बापानं ठेवला होता काय तथी?"

"बापावर जायचं काम नाही, सांगून ठेवतो!"

वंदना पायरीवर मटकन खाली बसली. आधी रडली, मग तिला हसू आवरेना. तासाभराने आबा पडदा बाजूला सारून बाहेर आले, लालबुंद. "वंदना, भजे आण कुठून तरी. आन् त्यालेही दे, नाहीतर म्हणीन नामदेवनं उपाशी ठेवून जमीन बळकावली." त्यांनी दोन प्लेट भजी उभ्याउभ्या खाल्ली. वंदना ते बघत होती आणि मीही बघत होतो.

मुनीरभाई मात्र वही उघडून पट्टीने एक नवीन रेघ मारत होते. नवीन रकाना. वर लिहिलं, 'भांडण'. "जन्मभर लोकायची छाती-कंबर मोजली डाक्टर," ते म्हणाले, "हे मोजलंच नाही कधी."

त्यानंतरचे सगळे बुधवार मी इथे लिहीत नाही. ते सगळे सारखेच होते. मुनीरभाईंना त्या जगात पंच म्हणून शिरावं लागलं. त्यांचा माणूस गवताचा सदरा घालून धुऱ्यावर उभा असे आणि दोरी धरून दगड मोजून देत असे. निकाल कोणालाच मान्य होत नसे. दोरीवरचा खरा सदरा मात्र तसाच राहिला. कॉलर लागली, उसवली, पुन्हा लागली. आबांची तब्येत सुधारली, गळा वाढला, तेव्हा एक वेळ खरंच माप बदलावं लागलं. एकदा मात्र घोटाळा होता होता राहिला. त्र्यंबकमामांच्या नातवाच्या लग्नात दोघांनी शेजारी बसून बुंदी खाल्ली आणि धुऱ्याचं मिटवून टाकायचं ठरवलं. पुढच्या बुधवारी आबा शांतपणे म्हणाले, "सदऱ्याचं कुठवर आलं रे?" मुनीरभाई उठले. चहा सांगतो म्हणून आत गेले आणि, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, धुऱ्यावरचा एक दगड हळूच मामांच्या बाजूला सरकवून आले. पंचाने हे करणं अगदी चूक होतं. पंधरा मिनिटांत आत पुन्हा बाप निघाले आणि सदऱ्याचा विषय मागे पडला.

माझी बदली शेगावकडे झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मुनीरभाई टाचण्या धरलेल्या तोंडाने म्हणाले, "तुमची ती नंतरची पॅंट राह्यली डाक्टर." मी म्हटलं, राहू द्या. "नाही, नाही," ते म्हणाले, "बुधवारी पाठवतो."

मुनीरभाई गेल्याचं मला वंदनाने फोनवर कळवलं. सोमवारी दुकानात बसल्या बसल्या छातीत दुखलं, जालन्याला नेलं, तिथून आणलं ते तसंच. मातीला मला पोचता आलं नाही. मी पुढच्या बुधवारी गेलो.

दुकान उघडं होतं. जुबेदाभाभी मशीनच्या स्टुलावर बसल्या होत्या. "इरफान म्हणत होता, कॉम्प्युटर नेतो पुण्याला," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. आत जा, बसलेत दोघं."

पडद्यामागे आबा आणि मामा पाठीला पाठ लावून बसले होते. मी आबांच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. दोन शेतं, मधे धुरा, आणि धुऱ्यावर गवताचा सदरा घातलेला माणूस आडवा झोपलेला. बाही आखूड. सोमवारी दोघांचा फोनवरून काहीतरी वाद झाला होता, म्हणून मुनीरभाई मोजायला आत गेले होते आणि त्याच खुर्चीवरून त्यांना उचलून नेलं होतं. त्या झोपलेल्या माणसाच्या चारही बाजूंना लाकडाचे खांब उभे होते आणि वर गवताचं छप्पर घातलेलं होतं.

"उघड्यावर बरं दिसत नव्हतं," आबा म्हणाले.

मी विचारलं, तो असाच राहील का? मामा पाठमोरेच म्हणाले, "त्याले काई होत नाही. अथी भूक बंद हाये." मग म्हणाले, "पण हा इकडचा खांब माह्या हद्दीत ठोकला यानं."

"हद्द कोणती तुयी? मोजून देणारा झोपला हाये, उठल्यावर विचार!"

मी पुढे आलो. दोरीवर तो सदरा होता. कॉलर टाचलेली, पांढरे कच्चे टाके तसेच, बटण एकही नाही. बाकी काही काम राहिलं नव्हतं. मी पडदा सारून आबांना म्हटलं की चिखलीत आमचा ओळखीचा टेलर आहे, काज-बटण करून आणू का. तासाभराचं काम आहे.

"नाही," आबा म्हणाले. त्यांचं लक्ष खांबाकडे होतं. "मुनीरनं बुधवार सांगतला हाये."

"आबा, आज बुधवारच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आज नाही," ते म्हणाले, "बुधवारी."